विरोधी बाकाचं भाडं

आठ दिवसांची रजा टाकून नणंदेकडे बडोद्याला जाऊन आले. सरकारी कागदावर ते कधीच वडोदरा झालंय, पण तिथली मराठी माणसं अजून बडोदंच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. पूर्वी नणंदेचं बिऱ्हाड दांडिया बाजारात होतं. मुलगा नोकरीला लागल्यावर त्यांनी वासणा भागात फ्लॅट घेतला. एकेकाळी शहराबाहेरचं खेडं असलेलं वासणा आज बडोद्यात पुरतं मिसळून गेलंय. रुंद रस्ते, एकाला लागून एक सोसायट्या, तळमजल्यावर दुकानं आणि संध्याकाळी जिथंतिथं सेव-उसळीच्या गाड्या!

नणंदेच्या शेजारी एक मराठी बाई राहतात. डबे, दिवाळीचा फराळ, मुंजी-बारशाची जेवणं असा त्यांचा व्यवसाय आहे. एका पोळीच्या तव्यापासून सुरुवात केली, आज हाताखाली आठ-नऊ बायका आहेत. परिसरात कुणाचं काही अडलं की याच धावतात, त्यामुळे माणसंही पुष्कळ जोडलेली. गुजरातेत महापालिकेच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव असतात. तेव्हा विरोधी पक्षाची मंडळी त्यांच्याकडे उमेदवारी घेऊन आली यात नवल नाही. बाईंनी चहा पाजला आणि हात जोडले.

मी विचारलं, "का हो? हरायची भीती वाटली?"

त्या म्हणाल्या, "नाही वहिनी. भीती वाटली ती जिंकायची. हरले तर चार दिवस लोक हसतील आणि विसरतील. जिंकले तर पाच वर्षं विरोधी बाकावर बसायचं, आणि माझं स्वयंपाकघर मात्र महापालिकेच्या हद्दीत! फूडचं लायसन्स आहे, दुकानाची नोंदणी आहे, गॅसच्या टाक्या आहेत. मी सगळं नियमानं करते. पण रोज माणूस पाठवला तर नियमानं वागणाऱ्याकडेही काहीतरी सापडतंच की!"

त्यांच्यावर कुणी दबाव आणला होता का? अजिबात नाही. कुणी धमकी दिली? तीही नाही. त्यांनी स्वतःच हिशोब मांडला आणि स्वतःच उत्तर काढलं. बडोदा महापालिकेच्या २०२१ च्या निवडणुकीत ७६ पैकी ६९ जागा भाजपला आणि ७ काँग्रेसला मिळाल्या होत्या. या आकड्यांमागं पुष्कळ कारणं असतील, आणि त्यांत मतदारांची खरीखुरी पसंती हे पहिलं. पण उभ्याच न राहिलेल्या माणसांची मोजदाद कुठल्याच निकालात होत नाही, हेही खरं आहे. माझं म्हणणं एवढंच की, आपल्याकडे विरोधी बाकाला भाडं पडतं, आणि धंदा करणाऱ्या बाईला ते सगळ्यांत महाग पडतं.

आता यात मी का बोलावं? मी पडले सरकारी कारकून. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ आम्हा गोव्याच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत. सरकारच्या धोरणावर टीका करायची नाही, राजकारणात भाग घ्यायचा नाही. मी दोन्ही करत नाहीये. कुठला पक्ष चांगला आणि कुठला वाईट, हे मी इथं सांगणार नाही. मी सांगणार आहे ते फायलीबद्दल, आणि फाईल हा तर माझा रोजचा विषय!

बाहेरच्या माणसाला वाटतं, सरकारला एखाद्याचा धंदा बंद पाडायचा असेल तर मोठा हुकूम निघत असेल. तसं नसतं. नकार लेखी द्यावा लागतो, नकाराला कारण लागतं, आणि कारण दिलं की माणूस अपिलात जातो. त्यापेक्षा तीन साधे मार्ग आहेत. पहिला म्हणजे त्रुटी. अर्जात एक उणीव काढायची, ती भरून आली की पंधरा दिवसांनी दुसरी काढायची. दुसरा म्हणजे नूतनीकरण. परवान्याची मुदत संपत आली की फाईल "विचाराधीन" ठेवायची. परवाना नाकारलेला नसतो आणि दिलेलाही नसतो. तिसरा मार्ग तपासणीचा. शंभर दुकानं नियमात थोडी इकडेतिकडे असतात, पण तपासायला एकाच दुकानात जायचं. सापडलेला दोष खरा असतो, म्हणून कोर्टातही काही म्हणता येत नाही. खोटं इतकंच असतं की उरलेल्या नव्याण्णवांकडे कुणी गेलेलं नसतं.

गोव्यात हे समजावून सांगायची गरज नाही. किनाऱ्यावर एखादं साधं खानावळवजा हॉटेल चालवायचं तर पंचायतीचा ना-हरकत दाखला, अबकारी खात्याचा परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, अन्न खात्याची नोंदणी, अग्निशामक दलाचा दाखला, आणि जागा भरतीरेषेजवळ असली तर किनारपट्टी प्राधिकरण. यातला प्रत्येक कागद गरजेचा आहे, हे मी कारकून म्हणून नव्हे तर गोंयकार म्हणून सांगते. हे कागद नसते तर आपले किनारे आणि डोंगर केव्हाच संपले असते. पण प्रत्येक कागदाखाली एक सही असते, आणि जिच्या चुलीवर सहा सह्या टांगलेल्या आहेत ती बाई सही करणाऱ्याच्या वरिष्ठाला सभागृहात जाब विचारेल, अशी अपेक्षा आपण करतो!

बडोद्यात हा विषय डोक्यात घेऊनच लक्ष्मीविलास राजवाडा पाहिला. सयाजीराव महाराजांचं राज्य आपल्याला वाचनालयं, सक्तीचं शिक्षण आणि चांगल्या माणसांना दिलेला आश्रय यांसाठी आठवतं. मला मात्र त्या घरातल्या बायका आठवत राहिल्या. महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. भारतीय स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी १९११ सालीच पुस्तक प्रसिद्ध केलं होतं. त्यांची लेक इंदिराराजे. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं होतं. तिनं स्वतः पत्र लिहून ते मोडलं आणि १९१३ साली लंडनमध्ये कुचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी लग्न केलं. त्या काळात, आणि तेही मराठा राजघराण्यात! या इंदिराराजेंची मुलगी म्हणजे गायत्रीदेवी, जयपूरच्या महाराणी.

गायत्रीदेवी म्हटलं की आपल्याकडे शिफॉनची साडी आणि मोत्यांची माळच डोळ्यांसमोर येते. काही जणांना १९४३ साली त्यांनी जयपुरात काढलेली मुलींची शाळा ठाऊक असते, काहींना जयपूरच्या निळ्या कुंभारकामाला त्यांनी दिलेलं प्रोत्साहन. त्या रूढ अर्थानं उद्योजिका नव्हत्या हे आधीच सांगून टाकते. १९५७ मध्ये रामबाग महालाचं हॉटेल झालं तो निर्णय मुख्यतः महाराज मानसिंहांचा. पण मालमत्ता, हॉटेल, कर आणि परवाने यांत गुंतलेलं घर मागं असताना विरोधी पक्षात जाणं म्हणजे काय, हे त्यांच्या आयुष्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच दिसेल.

१९५९ साली राजगोपालाचारींनी स्वतंत्र पक्ष काढला. "परमिट राज" हा शब्द त्यांनीच रूढ केला. प्रत्येक गोष्टीला सरकारचा परवाना लागला तर माणसं सरकारला घाबरून वागतील, हे त्यांचं सांगणं. गायत्रीदेवी या पक्षात गेल्या. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत जयपूरमध्ये पडलेल्या २,४६,५१६ मतांपैकी १,९२,९०९ मतं त्यांना मिळाली. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. १९६७ आणि १९७१ मध्येही त्या निवडून आल्या. १९६५ च्या सुमारास पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी त्यांना काँग्रेसमध्ये येण्याबद्दल सुचवलं होतं. मानसिंह त्याच सुमाराला स्पेनमध्ये भारताचे राजदूत म्हणून गेले. म्हणजे नवरा सरकारचा राजदूत आणि बायको लोकसभेत सरकारच्या विरोधात! तरी त्यांनी पक्ष सोडला नाही.

१९६७ साली राजस्थानात काँग्रेसचं बहुमत हुकलं. विरोधकांना सरकार बनवता येईल असं वाटत असतानाच मार्चमध्ये राष्ट्रपती राजवट आली, आणि एप्रिलमध्ये फुटून आलेल्या आमदारांच्या बळावर काँग्रेसचंच सरकार बसलं. गोंयकार वाचकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. मात्र लोकसभेत त्याच वर्षी स्वतंत्र पक्षाचे ४४ खासदार आले आणि तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला.

१९७५ च्या फेब्रुवारीत गायत्रीदेवींच्या कुटुंबाच्या वाड्यांवर आणि मालमत्तांवर प्राप्तिकर खात्याचे छापे पडले. त्याच वर्षी आणीबाणी आली आणि जुलैअखेर त्यांना अटक होऊन तिहारला नेलं. लक्षात घ्या, भाषण केलं म्हणून नव्हे. परकीय चलन आणि तस्करी रोखण्यासाठी १९७४ साली केलेल्या "कोफेपोसा" या स्थानबद्धता कायद्याखाली. म्हणजे खटला नाही, शिक्षा नाही, तरी आत. पाच महिन्यांहून अधिक काळ त्या तिहारमध्ये होत्या. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदेही तिथंच होत्या. १९७६ च्या जानेवारीत गायत्रीदेवी बाहेर आल्या आणि निवडणुकीच्या राजकारणातून जवळजवळ निवृत्तच झाल्या.

इथं कुणी म्हणेल की राजवाड्यात वाढलेल्या बाईचं काय एवढं कौतुक? तिला मतं दिली ती जुन्या रयतेनं, महाराणी म्हणून. आणि श्रीमंतांनी कर भरायचा नाही की काय? दोन्ही मुद्दे बिनतोड आहेत. कर सर्वांनी भरलाच पाहिजे, आणि राजघराण्याची पुण्याई मतपेटीत उतरवणं मलाही फारसं रुचत नाही. पण प्रश्न कराचा नाहीच, प्रश्न वेळेचा आहे. राजकीय विरोधकाला राजकारणातलं उत्तर न देता त्याची तिजोरी उघडली जाते, तेव्हा ती पाहून शेजारचे हजारो लोक आपापल्या तिजोरीचं कुलूप तपासतात आणि गप्प बसतात. महाराणीला तिहार सोसता आलं. मागं घराणं होतं, वकील होते, जगभर नाव होतं. डबे देणाऱ्या बाईला एक सीलबंद दरवाजासुद्धा सोसता येणार नाही.

हे फक्त आपल्या देशात होतं असंही नाही. बडोद्याच्या शेजारचा चरोतर हा परदेशी गेलेल्या पटेलांचा मुलुख. फिजी बेटांवर ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या वतीनं लढलेले आणि तिथल्या नॅशनल फेडरेशन पक्षाचे संस्थापक नेते ए. डी. पटेल हे याच खेडा जिल्ह्यातले. त्याच फिजीत मेरे सामिसोनी नावाच्या बाई होऊन गेल्या. मूळच्या परिचारिका. पुढं त्यांनी "हॉट ब्रेड किचन" नावाची बेकरी काढली आणि तिची देशभर साखळी उभी केली. सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंपू ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना तो धंदा समजावून सांगायला नको. पहाटे तीनला भट्टी पेटवायची, पैसा-पैसा मोजायचा आणि रोज ताजं विकायचं.

२००६ च्या मे महिन्यातल्या निवडणुकीत या बाई पंतप्रधान लाइसेनिया कारासे यांच्या एसडीएल पक्षातर्फे लामी मतदारसंघातून निवडून आल्या. त्याच वर्षी ५ डिसेंबरला लष्करप्रमुख फ्रँक बैनिमारामा यांनी बंड करून सरकार उलथवलं. खासदारकी गेली. अशा वेळी भट्ट्या आणि दुकानं असलेला माणूस सहसा काय करतो? "आपण व्यापारी माणसं, आपल्याला राजकारणाशी काय करायचंय" असं म्हणून गल्ल्यावर बसतो. सामिसोनी लष्करी राजवटीवर टीका करत राहिल्या. २०१२ साली सत्तरी ओलांडलेली असताना त्यांना अटक झाली, आणि सरकार उलथवण्याच्या कटाचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला.

या बाईंना मी देव्हाऱ्यात बसवत नाही. त्यांचा पक्ष हा मूळ फिजियन लोकांचा अभिमानी पक्ष, आणि तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या त्या पक्षाविरुद्ध पुष्कळ तक्रारी होत्या. चरोतरच्या एखाद्या पटेलानं तिथं त्यांना मत दिलं नसतं, आणि मीही कदाचित दिलं नसतं. पण विरोधी पक्षाची किंमत आपल्याला तो आवडतो की नाही यावर ठरत नाही. जिच्या बेकरीवर सरकार कुलूप लावू शकतं तीसुद्धा सरकारला "चुकलात" म्हणू शकते की नाही, यावर एखाद्या देशातली मोकळीक कळते.

आता आपल्या घरात येऊ. २०२२ साली निवडून आलेल्या गोवा विधानसभेत ४० पैकी ३ बायका होत्या. देविया राणे, जेनिफर मोन्सेरात आणि डिलायला लोबो. तिघींचेही पती त्याच निवडणुकीत आमदार झाले. म्हणजे स्वतःच्या एकटीच्या बळावर सभागृहात पोचलेली बाई शून्य. शशिकलाताई काकोडकर १९७३ ते १९७९ मुख्यमंत्री होत्या, हे आपण अभिमानानं सांगतो. त्याही भाऊसाहेबांची कन्या, आणि भाऊसाहेब स्वतः खाणमालक. तरी ताईंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. सत्ता गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या अनुदानाचा वाद पेटला, तेव्हा उतारवयात त्या भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या व्यासपीठावर सरकारविरुद्ध उभ्या राहिल्या.

डिलायला लोबो हॉटेल आणि पर्यटन व्यवसायातल्या कुटुंबातल्या. पर्रा पंचायतीच्या सरपंच होत्या. २०२२ च्या जानेवारीत पती मायकल लोबो भाजप सोडून काँग्रेसमध्ये आले, सोबत त्याही आल्या. शिवोलीतून काँग्रेसच्या उमेदवार म्हणून त्यांनी माजी मंत्री दयानंद मांद्रेकर यांच्यासारख्या मुरलेल्या उमेदवाराला हरवलं. त्याआधी काँग्रेसच्या सगळ्या उमेदवारांनी मंदिर, खुरिस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. १० मार्चला निकाल लागला. भाजपचे २०, काँग्रेसचे ११. मायकल लोबो विरोधी पक्षनेते झाले, आणि जुलैत काँग्रेसनंच त्यांना त्या पदावरून काढलं. १४ सप्टेंबर २०२२ रोजी अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. त्यांत हे दोघेही होते. आठ म्हणजे दोन-तृतीयांशाहून थोडेच जास्त, कायद्याला किमान जेवढे लागतात तेवढे.

विरोधी बाकावर एका व्यावसायिक बाईनं काढलेला काळ म्हणजे सहा महिने! त्यांनी पक्ष का सोडला हे त्यांचं त्यांना ठाऊक. मोदी आणि सावंत यांच्या नेतृत्वाचे हात बळकट करण्यासाठी आलो, असं त्या आठ जणांनी सांगितलं आणि मी त्यांच्या मनात शिरू शकत नाही. माझा प्रश्न त्यांना नाहीच, तो आपल्याला आहे. आठ गेले तेव्हा आपण काय म्हणालो? "शपथ मोडली", "लाज नाही", "विकले गेले". सगळा राग माणसावर. ज्या व्यवस्थेत विरोधी बाक सोडून जाणं हाच शहाणपणाचा हिशोब ठरतो, त्या व्यवस्थेवर कुणी अग्रलेख लिहिलेला माझ्या वाचनात नाही. शपथा वाढवून हा रोग जायचा नाही. देवांची संख्या तीनवरून तेरावर नेली तरी परवान्याची तारीख तीच राहते.

दुसरीकडे पाहा. २०२४ साली दक्षिण गोव्यातून भाजपनं पल्लवी धेंपो यांना लोकसभेची उमेदवारी दिली. उद्योगसमूहातल्या शिकलेल्या बाई. त्या १३,५३५ मतांनी काँग्रेसच्या विरियातो फर्नांडिस यांच्याकडून हरल्या. त्यांनी उभं राहण्यात काहीच वावगं नाही, उलट अशा बायका राजकारणात याव्यात. पण मनात येतं, गोव्यातली एखादी यशस्वी उद्योजिका विरोधी पक्षाकडून आपणहून उभी राहिली आणि पाच वर्षं तिथंच टिकली, असं उदाहरण शोधायला बसलं तर किती वेळ लागेल? आणि यात मी आजच्या सत्ताधाऱ्यांना वेगळं काढत नाही. खुर्चीवर काँग्रेस होती तेव्हा व्यापारी तिकडे होते, त्याआधी मगो होता तेव्हा तिकडे. फाईल ज्याच्या हातात, गर्दी त्याच्या दारात.

पुरुष व्यावसायिकांनाही हेच लागू नाही का? आहे. पण बाईला ते दुप्पट लागू पडतं. पुरुषाचा धंदा बहुतेकदा वडिलोपार्जित असतो, ओळखी दोन पिढ्यांच्या असतात, वरच्या साहेबाला तो क्लबात नाहीतर लग्नात भेटतो. बाईनं स्वतः उभा केलेला धंदा लहान असतो, कर्जावर असतो, आणि घरची मंडळी "कशाला नसती उठाठेव" म्हणायला टपलेलीच असतात. एक नोटीस आली की पहिला वार घरातूनच होतो.

मग करायचं काय? राजकारण शुद्ध करा वगैरे मोठ्या गोष्टी मला कळत नाहीत. कारकुनाला सुचतील अशा तीन गोष्टी सांगते.

पहिली. परवान्याच्या अटींत किंवा जागेत काही बदल झाला नसेल तर फी भरल्याची पावती हेच नूतनीकरण समजावं. काही बदललं असेल तरच फाईल टेबलावर यावी.

दुसरी. त्रुटी काढायच्या त्या एकदाच, एकाच पत्रात, नियमाचा क्रमांक लिहून. त्या पत्रात नसलेली त्रुटी नंतर काढता येऊ नये.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची. तपासणी कुणाची करायची हे सोडतीनं ठरावं. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या शॅकांची सोडत काढतात, चिठ्ठी निघते आणि सगळ्यांना ती मान्य असते. मग तपासणीची सोडत का नको? तक्रार आली म्हणून गेलात तर तक्रारीची तारीख लिहा. आणि कुठल्या दुकानाला, कुठल्या दिवशी, कुठल्या कलमाखाली नोटीस दिली याची यादी खात्याच्या संकेतस्थळावर टाका. एखादी बाई सोमवारी सभेत बोलली आणि बुधवारी तिला नोटीस आली, तर ते सगळ्या गावाला दिसेल.

गोव्यात मुदतीत सार्वजनिक सेवा देण्याचा कायदा २०१३ साली झाला. गुजरातेतही त्याच वर्षी झाला, महाराष्ट्रात २०१५ मध्ये. चांगले कायदे आहेत. पण हे कायदे बांधतात ते नागरिकाच्या अर्जाला. इतक्या दिवसांत दाखला द्या, नाहीतर दंड भरा. सरकारी नोटीस कुणाच्या दारात, केव्हा आणि का जाते, तो भाग उघडाच राहिला आहे, आणि भीती नेमकी तिथंच राहते.

याचा फायदा चोरट्यांना होईल, असा आक्षेप माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं घेतला. "विरोधात बसलं की कारवाई होणार नाही, असं समजून डोंगर कापतील ना!" आक्षेप खरा आहे. म्हणूनच मी सूट मागत नाहीये. विरोधी आमदाराचं बांधकाम बेकायदा असेल तर ते पाडाच. फक्त त्याच गल्लीतलं सत्ताधारी आमदाराचं बेकायदा बांधकामही त्याच यादीत, त्याच क्रमानं असलं पाहिजे. आज पक्ष बदलला की कारवाई थंडावते, असा लोकांचा समज आहे. तो समज बरोबर असो वा चूक, त्यानं कायद्याचं नुकसान होतं आणि विरोधी पक्षाचंही.

कुणी म्हणेल, विरोधी बाकावर वकील आहेत, शिक्षक आहेत, कार्यकर्ते आहेत, व्यावसायिक बाईच कशाला हवी? याचं उत्तर अगदी साधं आहे. पगार वेळेवर देण्यासाठी दागिने गहाण ठेवलेली, गॅसचा भाव वाढला की ताटाचा दर किती वाढवायचा याचा रात्री हिशोब करणारी, आठ बायकांच्या घरातल्या अडचणी तोंडपाठ असणारी बाई जेव्हा अंदाजपत्रक वाचेल, तेव्हा तिला त्यात जे दिसेल ते मला आणि तुम्हाला दिसणार नाही. तिचा प्रश्न मंत्र्यालाही टाळता येणार नाही, कारण ती आकड्यांनिशी बोलेल. अशा बायका सत्ताधारी बाकावर गेल्या की त्यांना प्रश्न विचारायचे नसतात, आणि विरोधी बाकावर त्या येतच नाहीत. म्हणजे त्यांचे प्रश्न सभागृहात पोचतच नाहीत.

पुढच्या निवडणुकीत प्रत्येक पक्ष जाहीरनामा काढेल. बायकांच्या नावानं एक वेगळं पान असेल, त्यावर अनुदान असेल, गॅस असेल, कर्ज असेल. तुमच्या दारात उमेदवार आला की तपासणीच्या सोडतीबद्दल आणि नोटिशींच्या यादीबद्दल त्याला एकदा विचारून पाहा. सत्तेत असलेल्यालाही विचारा आणि नसलेल्यालाही. तो काय उत्तर देतो त्यावरून त्याला समोरच्या बाकावर खरंच कुणी हवंय की नाही, ते कळेल.